दुसऱ्या अल्बमात काकू नाहीत

— नाई नाई, तू पहिले सांबाराची जुडी घे हातात, मंग बोल. नुसता उभा राह्यला की बाकीच्या गिऱ्हाइकायले वाटते भाव जमून नाई राह्यला. हे घे, सकाळीच उपटला, वास पाय, कोथिंबीर म्हन का सांबार. हो, मीच ते. सत्यभामा म्हनत नाई आता कोनी, सारा इतवारा बजार गान्यातली काकू म्हनते — तूबी म्हन, मले काय. अकोल्याहून आला? एवढ्या उन्हात? अन् कुंदनले न भेटता सीधा माह्या दुकानावर? म्हंजे काम माह्याशी आहे. समजलं. पन त्याआधी तूबी सांगशीनच, दुसऱ्या अल्बमात मजा नाई आली.

सांगून टाक बाप्पा, लाजू नको, सारेच सांगतेत. बॅंड माह्या पोराचा, कुंदनचा, अन् निकाल माह्या टोपल्यापाशी. तो समोरचा मेडिकलवाला — म्हने काकू, पहिल्यात दम होता, दुसरा ऐकला की झोप येते. मी म्हनलं, मंग गोळ्याऐवजी तोच देत जा ना लोकायले. कॅम्पातली एक मास्तरीन येते, चश्मा कपायावर चढवून म्हनते, शब्द चांगले आहेत हो, पन ठेका हरवला. आता मी कुठी पाहू त्याचा ठेका, वांग्याखाली? आटोवाला श्रावन — त्याच्या आटोत पहिला अल्बम घासून घासून वाजला, बडनेऱ्यापर्यंत लोकं मुंड्या हालवत जात — दुसरा लावला तं म्हनतेत भाऊ, बदलव. अन् एक बाई तं मेथीचा भाव करता करता म्हने, दुसरा पडला ना तुमचा, मंग आता तरी एक जुडी वरून टाका. टाकली मी. काय करू, भांडू? दमली बाप्पा मी आता. भाजी इकनं सोपं आहे, भाजी नाई आवडली तं लोकं घेत नाई, आवडली नाई म्हनून घंटाभर सांगत नाई बसत.

घरी गेली तरी तेच. मी भाकरी थापते अन् पोरगी, दीपमाला, मोबाईलवरचं लोकायचं लिहिलेलं वाचते. ढेकूळवाले मोठे झाले, माज आला. ढेकळाचा चिखल झाला. काकूले परत आना. काकूशिवाय ढेकूळ म्हंजे — पुढचं तिनं वाचलंच नाई. बॅंडचं नाव काहून ढेकूळ ठेवलं ते मले इचारू नको, वावरातलं काही ठेवाचं होतं म्हने. पहिल्या अल्बमचं नाव उन्हाळवाही, दुसऱ्याचं ओल, एवढं मले येते. तुमच्या अकोल्याच्याच एका पोरीनं लिहिलं होतं, ओलमधलं ते मूर्तिजापूरच्या ठेसनावर बसलेल्या पोट्ट्याचं गानं ऐकून बापाले फोन लावला म्हने, लय दिवसानं. ते मी दीपमालाले दोन डाव वाचाले लावलं. पन त्याच्याखाली कोनी काही लिहिलं नाई. चांगल्याच्या खाली कोनी लिहीत नाई.

पहिल्यात काय होतं एवढं? तुमीच सारे नाचले ना त्याच्यावर. कुंदन सकाळी चाल बसवून राह्यला होता, मोबाईल चालू करून फळीवर ठेवला होता, अन् मी त्याच्या बापावर वरडली — उठता का आता, का आरतीचं ताट आनू. असंच. नाई, जोरानं नाई म्हनत, अन् तो फोन खाली कर. मांगून ड्रम टाकले पोट्ट्यायनं, तेच तेच फिरवलं, अन् झालं गानं. कुंदननं इचारलं होतं, खोटं काहून बोलू, आई टाकू का म्हने. मी म्हनलं टाक. मले हसू आलं होतं. मले काय माहीत ते वरातीत वाजन, गनपतीत वाजन, ट्रॅक्टर-ट्रॅक्टरवर वाजन.

अन् मले गोड नाई लागलं असंबी नाई. लोकं येत, काकू एक डाव म्हना ना, अन् मी कमरेवर हात ठेवून म्हनत होती — फोटो काढत, पोरी गळ्यात हात टाकत, अर्धी भाजी सकाळीच खपत होती. हे तवा अठीच बसत माह्या बाजूले, जुड्या बांधत. मंग लोकं ह्यायच्याकडे बोट दाखवत — हेच काय ते झोपलेले? अन् हसत. हेबी हसत. मी पाहत होती ना, हसून राह्यले म्हनून. मंग एक दिवस म्हने वावरात काम आहे. दुसऱ्या दिवशीबी काम. तवापासून ह्या मानसानं बजाराचं तोंड पाह्यलं नाई. गावातले पोट्टे मांगून वरडतेत, उठता का आता. सोयऱ्याच्या लग्नात गेलो तं वरातीत ह्यायले मधात उभं केलं अन् तेच लावलं, सारे भोवताल नाचले. हे जेवले नाई. सीधे येष्टीत जाऊन बसले.

तुले वाटत असन, आळशी असन तिचा नवरा. साऱ्यायले वाटते. अरे, वावरातली लाईन रातची असते, मोटर रातच्यालेच चालते. रातभर चिखलात उभं राहून वांग्याले पानी देल्लं, पाह्यटे आले, पाय न धुता आडवे झाले — त्या सकाळचं आहे ते. आमच्यात तसंच बोलनं आहे. मी वरडते, हे कूस बदलतेत, मंग मीच चादर टाकते आंगावर. आता चादर टाकल्याचा आवाज कुठी येते मोबाईलमधी. अन् त्या गान्यापासून हा मानूस दिवसा घरात आडवा झाला नाई, सांगते तुले. ओलित करून आला की आंग धुते अन् जाते वावरातल्या खोपटीत, दार लोटून घेते आतून. म्हने घरी गमत नाई. स्वतःच्या घरी. — हे मी तुले काहून सांगून राह्यली? सरक जरा, टोपल्यावर ऊन आलं.

हो हो, ऐकलं मी, मघाच ऐकलं. अकोल्याले मोठा पोग्राम, ढेकूळले बोलावता, फक्त काकूनं स्टेजवर येऊन एक डाव म्हनावं. एवढंच म्हनतं तू. कुंदनले माहीत आहे? नसनच. त्यानं दुसऱ्यात माहा आवाज मुद्दाम घेतला नाई. मी सांगतलं नाई त्याले, त्यानं बापाकडे पाह्यलं अन् समजला. ड्रमवाला शिवम लय भांडला, काकू नाई तं लोकं कायले ऐकतीन. हा म्हने, नाई ऐकलं तं नाई ऐकलं. तेच झालं आता. शिवम धामनगावले बापाच्या दुकानात बसते, अन् हा पुन्याच्या कंपनीत जातो म्हनते. तुहा पोग्राम भेटला तं थांबन, मले माहीत आहे. गिटार पुन्हा खाली काढन. कोन्या मायले नाई वाटनार? एक ओळ तं आहे, मी दिवसभर किती बडबडते. तू काल आला असता ना, तं मी हो म्हनली असती.

पन आज सकाळी काय झालं — ऐकून घे अन् मंग जाजो. दीपमाला ओसरीत ते ओल लावून बसली होती. हे वावरातून आले. रोज निघून जातेत, आज थांबले. म्हने, कुंदनचं आहे का हे? पुरतं लाव. तिनं पहिल्यापासून लावलं. हे खांबाले टेकून बसले. मी चुलीपाशी, मले वाटे आता उठतीन, मंग उठतीन. नाई. सारं ऐकलं त्यायनं, मधात ते गिटार कान फोडते तेबी. बंद झालं तं पोरीले म्हने, संपलं? पुढे काही नाई ना? ती म्हने, संपलं बाबा. तं हे म्हने — ह्यात मी नाई. बस, एवढंच. ह्यात मी नाई म्हने, भाकर खाल्ली, अन् तठीच ओसरीत आडवे झाले. दार उघडं, लोकं रस्त्यानं जाऊन राह्यले. मी चादर घेऊन गेली तं घोरून राह्यले होते. मी हळूच टाकली आंगावर. मेडिकलवाला, मास्तरीन, तू — तुमचं साऱ्यायचं म्हननं तेच ना, की ह्यात ते नाई. नाईच आहे. कुंदननं काढून टाकलं, अन् त्याचा बाप घरी झोपला.

तं नाई येत मी. पोग्राम देनं असन तं तसाच दे, मूर्तिजापूरचं म्हनू दे त्याले, लोकं उठून गेले तं गेले. नसन देनं तं नको देऊ. पोरगा पुन्याले जाईन, मी रडीन, दुसरं काय. नाई, मोबाईलमधी भरूनबी नाई देत. हळूबी नाई. किती डाव सांगू तुले, मी —

थांब. बोलू नको. तो कोपऱ्यावर आटो पाय, वांग्याच्या पोत्यावर हात ठेवून बसले ते हेच. झोपेतच म्हनले होते, मांगून वांगे मी आनतो. मले खरं नाई वाटलं. फोन टाक खिशात, टाक म्हनते ना. तिकडे पाहू नको, हसू तं बिलकुल नको, अन् हेच काय ते असं इचारू नको त्यायले, तुह्या पाया पडते. सांबार घे अन् त्या बाजूनं नीघ.

— कोनी नाई हो. गिऱ्हाईक होतं. उतरवा, अठीच उतरवा.