तुझे बाबा काय करतात?

कारध्याच्या थांब्यावर एक बाप आणि त्याची कॉलेजात शिकणारी लेक बसची वाट पाहत होते. बापाच्या पायाशी माशांचं टोपलं होतं. लेकीचं मोबाइलशी इंग्रजीत बोलणं संपलं, तसं बापानं विचारलं.

“ज्योत्सना, कोन बोलत होता तिकडून?”

“मानूस नाही, बाबा. एआय हाय. इंग्रजी बोलाची सवय होते. चुकलं तं समजावून सांगते.”

“मंग मैत्रिनीसंग काहून नाही बोलत?”

“त्या हासतेत. हा हासत नाही.”

“आता काय विचारत होता?”

“तुझे बाबा काय करतेत, म्हने.”

“मंग?”

“सांगतलं, नदीत मासे धरतेत. पहाटेच डोंगा काढतेत. जाळं सोताच विनतेत.”

“एवढं सारं इंग्रजीत?”

“हो.”

“कॉलेजात बी असंच सांगते का?”

“कॉलेजात कोनी विचारत नाही, बाबा.”

“परवा बाजारात तुही कॉलेजातली मैत्रीन चंदा भेटली. म्हने, काका, आज तुमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीले सुट्टी हाय का?”

“बाबा... तुमी काय म्हनलं?”

“माशांच्या टोपल्यावर खांद्यावरचा दुपट्टा टाकला. म्हनलं, हो बेटा, सुट्टी हाय.”