पर्यायी माणूस

अपूर्वा : ...तर सॉफ्टवेअरवाल्यांची चेकलिस्ट झाली, सावंत सर. बदल कोणी मंजूर केला, चाचणी कोणी घेतली, पुरावा कुठे ठेवलाय, सगळे प्रश्न घेतलेत. आता तुमचं सर्व्हिस डिपार्टमेंट.

सावंत : माझं काय नवीन असणार? गेल्या वर्षीची काढ, तारीख बदल. सोमवारी आपलं अंतर्गत ऑडिट, पुढल्या महिन्यात बाहेरचे येणार. कशाला उगाच कीस पाडतेस?

अपूर्वा : तारीख बदलायलाच बसले होते. बाविसाव्या प्रश्नाशी अडले. 'प्रत्येक महत्त्वाच्या कामाला पर्यायी माणूस आहे का?' उत्तर, 'होय'. सर्व्हरच्या कामाला मुख्य माणूस रसेल, पर्यायी माणूस लवू सावंत. खाली तुमची सही.

सावंत : मग?

अपूर्वा : तुम्हाला बंद पडलेला सर्व्हर बॅकअपवरून उभा करता येतो?

सावंत : अगं, कागदावर कुणाचं तरी नाव लागतं ना! रसेलच्या जोडीचा मिहिर सोडून गेला तेव्हापासून त्याच्या जागी माणूस द्या, माणूस द्या म्हणून तीनदा लिहिलं वर. नाही दिला. मी काय चौकट रिकामी ठेवू?

अपूर्वा : हो. ठेवायची होती.

सावंत : बोलायला सोपं आहे. तेवढ्या एका 'नाही'वर कस्टमरने करार मोडला असता. अकरा माणसं आहेत माझ्या हाताखाली. भांडुपहून, विरारहून येतात बिचारी.

अपूर्वा : मी भांडायला नाही आले, सर. मी तरी तेव्हा कुठे विचारलं? नाव दिसलं, टिक मारली. पण आज भलतंच हाताला लागलं. नमुन्यासाठी जुन्या तक्रारी चाळत होते. गेल्या ऑगस्टमधली एक निघाली, रविवारची. कस्टमरचा सर्व्हर पडला, रसेल घरून आला, चाळीस मिनिटांत चालू केला. शेरा लिहिलाय, 'ग्राहक समाधानी'.

सावंत : ठेव ती बाजूला. दुसरी घे.

अपूर्वा : रसेलची बायको ऑगस्टमध्ये गेली, एवढंच ठाऊक होतं मला. आज त्याचा रजेचा अर्ज बघितला. ब्रिजेट त्याच रविवारी गेली, सर.

सावंत : माहितेय.

अपूर्वा : तुम्हाला माहीत होतं?

सावंत : फोन मीच केला होता. तीनदा. पहिल्यांदा म्हणाला, सर, ब्रिजेटचं काही खरं नाही, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, घरीच आहे ती. दुसऱ्यांदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा मी म्हटलं, रसेल, तासाभराचं काम आहे रे, तू नाही आलास तर वाट लागली आपली. आला. गोराईहून बोटीने, भिजत. काय सांगू गो तुका! तो टाइप करत होता आणि मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. पर्यायी माणूस म्हणे.

अपूर्वा : मी त्याहून वाईट केलंय. ऑक्टोबरच्या ऑडिटमध्ये तीच तक्रार पडद्यावर लावली. उत्तम सेवेचं उदाहरण म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रसेल दुसऱ्या रांगेत होता. उठला, थँक्यू म्हणाला, खाली बसला. तुम्ही होतात तिथे. का नाही थांबवलंत मला?

सावंत : थांबवलं असतं तर का थांबवतोय ते सांगावं लागलं असतं.

अपूर्वा : आणि अजूनही दर रविवारी तातडीच्या तक्रारींचा फोन त्याच्याचकडे असतो.

सावंत : दुसरं आहे कोण घ्यायला?

अपूर्वा : सर, यंदा मी हा प्रश्न असा विचारणार आहे. 'पर्यायी माणसाने हे काम स्वतः शेवटचं कधी केलं? दाखवा.' तुमच्या नावापुढे काय लिहू?

सावंत : 'कधीच नाही' लिही. आण इकडे, सही करतो. काय व्हायचं ते होऊ दे. आणि त्याला बोलाव आत.

(थोड्या वेळाने रसेल दार ढकलून आत येतो.)

रसेल : बोलावलंत, सर?

सावंत : बस. मला ते बॅकअपचं काम शिकव.

रसेल : तुम्हाला? ऑडिटसाठी ना? चार ओळी लिहून देतो, पाठ करा. विचारलं तर सांगता येईल.

सावंत : तसं नको. खरं खरं शिकव, मला एकट्याला जमेल इतकं. या रविवारपासून फोन मी घेणार.

रसेल : आता कशाला, सर? आता रविवारी काम निघालं तर मला बरंच वाटतं. सकाळी चर्चमध्ये मासला जाऊन आलं की पुढचा अख्खा दिवस अंगावर येतो.

अपूर्वा : रसेल, ती ऑक्टोबरची गोष्ट... मला खरंच माहीत नव्हतं रे. माफ कर. आजच काढते ते उदाहरणांतून.

रसेल : काढ. ट्रेनिंगलापण तेच दाखवतात ना नवीन माणसांना. दोनदा मलाच दाखवायला लावलं. कमांड समजावून सांगेपर्यंत काही वाटत नाही. मग शेवटी ती वेळ येते, काम संपल्याची. दोन वाजून दहा. तेव्हा ती होती अजून.

सावंत : मी तुला बोलावलंच नसतं तर...

रसेल : तुम्ही बोलावलंत, पण आलो मी. नाही म्हणता आलं असतं मला. इव्हा हेच म्हणायची, पप्पा, तू 'नाही' का म्हणाला नाहीस? पोरगी एकटी बसली होती तिच्याजवळ, आणि मी तिकडे परतीच्या बोटीची वाट बघत उभा. आता इव्हा काही म्हणत नाही. जेवायला वाढते, आत जाते.

सावंत : मी येऊ घरी? तिला मी सांगतो, चूक माझी होती म्हणून.

रसेल : या. तिने ऐकलं तर बरंच होईल.

अपूर्वा : ब्रिजेट काही बोलली होती, तू निघताना?

रसेल : तिला जास्त बोलवत नव्हतं. मी येतो म्हटलं. तर म्हणाली, सावकाश ये, जेटी निसरडी असेल.