आपल्या हातचं कुलूप

(भर दुपार. स्वयंपाकघर. नवराबायको हळू आवाजात बोलताहेत.)

बायको : भर दुपारी दुकान बंद करून आलात आणि म्हणता बॅग भर. कोणी गेलं का?

कुलूपवाला : हळू बोल. आपण चाललोय. चारची गाडी, सीमेपर्यंत जाते ती.

बायको : सीमेपर्यंत? पोरीचा उद्या गणिताचा पेपर आहे.

कुलूपवाला : तिला शाळेतून घेऊ. आज पोलिसांचा साहेब दुकानात आला होता. मास्तरांच्या दारात बसवलेलं कुलूप काढून घेऊन.

बायको : त्या दिवशी पोलिसांनी तुम्हाला उघडायला नेलं, ते? गंजलं होतं म्हणालात.

कुलूपवाला : गंजलं नव्हतं. मी अर्धा तास नुसती तार फिरवत बसलो. आत लेकरांच्या चपला वाजत होत्या. मागच्या दाराने सगळे निघून गेले, मग यांनी दार फोडलं.

बायको : आणि हे मला आज सांगताय.

कुलूपवाला : तुला झोप लागली नसती.

बायको : आता फार लागणार आहे.

कुलूपवाला : साहेबाने घरात सापडलेली किल्ली लावली. एका बोटाने फिरली. मग कुलूप उलटं करून दाखवलं. खाली माझी खूण.

बायको : ती चांदणी?

कुलूपवाला : पंधरा वर्षं प्रत्येक कुलपावर कोरतोय. "स्वतःच्या हातचं कुलूप तुला उघडेना?" म्हणाला. हसत होता. उद्या सकाळी कचेरीत बोलावलंय.

बायको : कितीदा म्हटलं, कशाला ती चांदणी, कोण बघतंय... मला भीती वाटतेय हो. बघा, बॅगेची चेनसुद्धा लागेना.

कुलूपवाला : मलाही वाटतेय. दे इकडे.

बायको : तिकडे आपलं कोण आहे?

कुलूपवाला : कोणी नाही.

बायको : भाषा तरी येते का?

कुलूपवाला : कुलपं असतील ना तिकडेही.

बायको : आणि सासूबाई?

कुलूपवाला : धाकट्या भावाकडे आहे, तो सांभाळेल. त्याचं कुलपांचं दुकान माझ्यापेक्षा बरं चालतं. त्याला काही कळवायचं नाही. माहीत नसलेलंच बरं.

बायको : चला मग. थांबा, कुलूप लावते.

कुलूपवाला : लावू नको.

बायको : अहो, सगळा संसार आत आहे.

कुलूपवाला : मी उद्या गेलो नाही की ते इथे येतील. दाराला कुलूप दिसलं, तर उघडायला कोणीतरी लागेल. या कामाला आता गावात धाकटाच उरला.

बायको : ...बरं. नुसतं लोटून घेते.