सूर लागला, भजन राहिलं

मंडळी, आलात, बसलात, बरं वाटलं. मला बोलायला उभं केलंय खरं, पण आमच्या यांच्याबद्दल ‘होते’ म्हणायला जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.

तुम्ही त्यांना इथे आखातात, मत्रह बंदराच्या वर्कशॉपमधले सुतारकाका म्हणून ओळखता. मूळ सावंतवाडीचे, लाकडी खेळणी कातणारं घर. भजनात बासरी वाजवायचे. दम्याने ती सुटली. माणूस गप्पच झाला हो! मग हे समोर बसलेत ते ॲलनभाऊजी, शाळेतले सर, त्यांच्या स्कॉटलंडचं वाद्य दुरुस्तीला घेऊन आले. एका काखेत चामड्याची पिशवी, दुसऱ्या कोपराखाली भाता. तोंडाने फुंकायचंच नाही! आमचे हे घरी येऊन म्हणाले, "गो, हेका छाती लागना नाय. कोपर लागता."

मग तसंच एक त्यांनी स्वतः केलं. शिसवीच्या नळ्या कातल्या, आत वाजणाऱ्या बोरूच्या जिभा तासल्या, भात्याला माझ्या पर्सचं चामडं लावलं. विचारलं? नाव नको! आणि वाजवायचे काय, तर आपली भजनं. आधी नुसता सूर धरायचे, तंबोऱ्यासारखा. खूप वेळ. मी ओरडायची, "अहो, सुरू करा की!" हे म्हणायचे, "लागांदे गो सूर."

त्या शुक्रवारी सकाळीही सूर लागला. मी घावणे घालत होते. सूर चाललाय, चाललाय. म्हटलं, आज ओरडायचं नाही. लागू दे. मग तो हळूहळू बसत गेला आणि थांबला. जाऊन बघते तर हे पिशवीवर कलंडलेले. इतका वेळ नुसत्या अंगाच्या भाराने पिशवी दबत होती, मंडळी. वाजवत कुणीच नव्हतं.

परवा भाऊजींनी विचारलं, नुसता सूर किती वेळ होता? मी सांगितलं, तशी त्यांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे म्हणे सूर आणि गाणं लगोलग सुरू होतं. काहीतरी बिनसलंय, हे त्यांना कळलं असतं. मला कसं कळणार? आपल्याकडे सूर ऐकला की माणूस भजनासाठी थांबतो. डॉक्टर म्हणाले, धावत गेला असतात तरी उपयोग नव्हता. असेल. पण नळ सोडला तरी मला तो सूर ऐकू येतो. भीती वाटते. आणि तरी मी भजनाची वाट बघते. किती वाट बघायची, सांगाल कुणी?

वाद्य इथे ठेवलंय. त्याला हात लावू नका. आता सगळे दोन मिनिटं उभे राहा, डोळे मिटा. आणि कुणाला सूर ऐकू आला, तर मला लगेच हाक मारा. या वेळी मी थांबणार नाही.