सावलीची नथ

किन्हवलीच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघणाऱ्या प्रेमाचे कान शेजारच्या दोघींकडे लागले होते.

“जने, प्रदर्शनाची गोधडी झाली का गो? चित्र काय काढलंस?”

“उन्हातला तांब्या नि त्याची सावली. अंगणात तांब्या ठेवून कापडावर सावली आखाया गेले, तर ती सरकली!”

“मग?”

“सासूला बसवलं. म्हटलं, सावली सरकली का तांब्या फिरवा.”

“तशी थांबती व्हय सावली?”

“नाय थांबली. वर सासूचीच सावली तांब्यावर पडली.”

“मग उठवायची ना तिला!”

“उठंना. शेवटी तिचीपण सावली शिवली.”

“चिडली असंल!”

“चिडली तर! म्हणते, माझ्या सावलीला नथ कुठाय?”

एस.टी. लागली. प्रेमा जागची हलली नाही. न राहवून तिनंच विचारलं,

“बाय गो, मग लावली का नथ?”

“लावली. आता तिला मोत्यांवर ऊन चमकाया पायजे!”