लाखातला उरलेला एक

—नाही हो रुपचंदभाऊ, हिरव्या बांगड्या मला नकोत, हिरव्या मंजुळेला भरायच्या, आमच्या धाकट्या जाऊबाईंना—सातवा लागला ना! ती येईतो माझ्या हातात साध्या चार सरकवा. हळू, हात कडक आहे माझा. हसता काय? गावानं तुम्हालाही सांगितलंच असेल, मंजुळेनं लाख बेल वाहिला आणि महादेव पावला. लाख! लाख मी वाहिला. एक देठ, एक बेल, असा मोजून, तीन श्रावण, गिरणाकाठच्या पिंडीवर—आणि माझी कूस अजून रिकामीच. हिनं काय केलं? एका देठाला तीन पानं, म्हणजे तीन झाले म्हणे! मुभा कुणी दिली? सासूबाईंनीच—"एक देठले तीन पानं शेतस, तीन धर, पोरी." मला नव्हतं कुणी पोरी म्हटलं.

बरं, तसं तर तसं. पण तीनतीननं लाख भरतो का? नाही भरत. मी चिंचोके मांडून पाहिलं—दहाचे तीन वाटे करा, एक उरतो. शंभराचे करा, एकच उरतो. हजाराचे करा, पुन्हा तोच. पुढं कितीही शून्यं चढवा, तो एक जागचा हलत नाही. गिरधरभाऊजी, तिचे यजमान, कापसाच्या जिनात हिशेब लिहितात—त्यांनी पाटीवर भागाकार मांडला, तीन, तीन, तीन, तीन, तीन, आणि खालचा एक दिला पुसून! तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस बेल वाहिले आणि उद्यापनाचं पुरण घातलं. मीही जेवले पंगतीत. मनात म्हटलं, एक पान कमी आहे बाई तुझं. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवाला देव पावतो, आणि माझ्या भरल्या लाखाकडे—

नाही, डोळ्यांत काही नाही. चुलीचा धूर.

पण मग तिचे पाय सुजले, आणि माझ्या जिवाला घोर लागला—अपुऱ्या व्रताचं देवानं पोटातल्यावर काढलं तर? सांगायला जावं, तर म्हणतील मोठी जळते. जळतेच की! सोमवारी एकटी गेले, मंजुळेच्या नावानं एक बेल वाहिला. पान तोडून चालत नाही, खंडित होतं, म्हणून अख्खाच ठेवला. एका पानानं तिचा लाख भरला. वर दोन राहिली ना? पिंडीला हात लावून म्हटलं, देवा, ही दोन हिच्यात मिळवू नकोस, ही माझ्या नावावर धर. कोण जाणे, माझंही मोजताना कुठं एखादं राहिलं असेल, तेवढ्यासाठीच तू थांबला असशील—

आली ती. ये गं मंजुळे, सावकाश, उंबरा आहे. भाऊ, माझं झालं. आता हिच्या हाताकडे बघा, आणि तोंडानं महादेवाचं नाव घ्या. दुसरं काही बोलायचं नाही.