फुटबॉलच्या सरांचा रोवणा

...नाही, पण मी म्हणते, फुटबॉल शिकवायले ठेवलेल्या माणसानं गुडघाभर चिखलात उभं राहून पऱ्हे काहून उपटावे? तुम्हीच सांगा बाई! पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं हो, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवायच्या आधीची. आमच्या ह्यांनी उपटले. एक नाही, दोन नाही, अकरा घरचे!

तुम्हाले सांगते, अठ्ठ्याहत्तर साली लाखांदूरले नवीन कॉलेज निघालं अन् हे खेळाचे सर म्हणून लागले. ऑर्डर एका वर्षाची. एसटीतून उतरलो, माझ्या कडेवर सात महिन्यांची पोरगी, ह्यांच्या डोक्यावर पेटी, अन् सेक्रेटरी लक्ष्मणराव काय म्हणावं? "सर, यंदा एक तरी मॅच जिंकाच. नाही त... आम्ही दुसरे सर पाहू." झालं! याच्या आधी दोन गावं अशीच सोडलेली. मी पोरीचे लंगोट तेवढे काढले अन् पेटीले कुलूप ठोकलं. उघडायची कायले? पुन्हा भरायचीच आहे न!

त्यात आले रोवण्याचे दिवस. यादीत पोरं सोळा, हजर तीन. अन् मैदान तरी कुठं होतं? खुद्द लक्ष्मणरावानं तिथं आपले पऱ्हे टाकलेले! "थांबा न सर महिनाभर, जमीन का पळून चालली?"

हे गेले कॅप्टनच्या घरी, भोजराजच्या. त्याची माय शकुनबाई, लुगडं खोचून दारातच उभी. "पोरगा बॉलमागं पळल, त पऱ्हे का तुमचा बॉल येऊन उपटल?"

हे पडले भोळे! "मावशी, मी येतो न उपटायले. फक्त पाच वाजता पोराले सोडा."

असं बोलायचं असते का हो? दुसऱ्या दिवशी सकाळी दहा बाप दारात! "सर, आमच्याही पोराचं पाहा न जी..."

महिनाभर हे वाकलेले! पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, मी हळद-तेल लावावं अन् म्हणावं, "अहो, हे ऑर्डरीत लिहून आहे का?" तर म्हणाले, "टीम बनून राहिली न." टीम बनून राहिली! अन् पेटी? कुलपातच.

पाच वाजता प्रॅक्टिस. कुठं? रोवायच्या राहिलेल्या बांधीत, चिखलात! पोरं अशी तयार झाली म्हणता... पण पहिली मॅच भंडाऱ्याले, मैदान खडखडीत. आता चिखलात बॉल टप्पा घेते का? पडला तिथंच बसते! इकडं त्यानं घेतला टप्पा अन् आमची अकराही पोरं तोंड वर करून पाहूनच राहिली. नऊ शून्य! भोजराज वरून ह्यांनाच विचारते, "सर, हा उडते काहून?" दुसरी मॅच, सात शून्य. मी पोरीच्या लंगोटांचंही गाठोडं बांधून पेटीवर ठेवलं.

तिसऱ्या मॅचले, शेवटच्या, धो धो पाणी. मैदानाची बांधी झाली! समोरची बूटवाली पोरं धडाधड पडून राहिली, अन् आमची अनवाणी, जशी घरच्याच वावरात. भोजराजनं गोल मारला. एक शून्य! जीवनात पहिल्यांदा हे नाचले म्हणे. अन् तेवढ्यात रेफ्रीनं शिटी वाजवली. "मैदान खेळण्यालायक नाही. मॅच रद्द."

"साहेब," हे हात जोडून म्हणाले, "आता त खेळण्यालायक झालं!"

कोण ऐकते?

घरी आले, पोरीले घेऊन बसले. सकाळी लक्ष्मणरावाचं बोलावणं. मी पेटी दारात आणून ठेवली, पहिली एसटी कितीची तेही विचारून ठेवलं.

तर लक्ष्मणरावाच्या ओसरीवर शकुनबाई, अन् तिच्या मागं बाकी पोरांच्या दहा माया! "ह्या सराले काढाल त पुढच्या साली आमचे पऱ्हे तुम्ही उपटाल का?"

लक्ष्मणरावानं मिशीवरून हात फिरवला. "काढतो कोण? सर, तुम्ही पक्के. जिंकण्याचं पाहू मंग. फक्त पुढच्या साली सुरुवात माझ्या बांधीपासून करा."

मग काय, उघडली बाई पेटी एकदाची, चार महिन्यांनी! सारं सामान बाहेर काढलं, अन् ह्यांची फुटबॉलची बुटं आत ठेवून दिली.